नर्सिंगला केमिस्ट्री सक्तीची नसेल, तरी घ्यावी का?

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्यूल. आत पाण्यासारखं स्वच्छ, बिनरंगी द्रावण. शेजारी इंजेक्शनसाठीच्या पाण्याची अँप्यूल ठेवली आणि दोन्हींवरची चिठ्ठी झाकली, तर नुसत्या डोळ्यांना कुठली कोणती ते सांगता येणार नाही. १५ टक्क्यांच्या या अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम क्षार असतो, म्हणजे साधारण २० मिलिमोल पोटॅशियम (मिलिमोल हे कण मोजण्याचं माप, त्याबद्दल पुढे सांगते). आता दुसरा हिशोब करा. रक्तातल्या पेशी वगळल्या की जो पातळ भाग उरतो त्याला रक्तद्रव म्हणतात. प्रौढ माणसाच्या अंगात तो सुमारे ३ लिटर असतो आणि त्याच्या दर लिटरमध्ये ४ मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम असतं. सगळं मिळून १२ मिलिमोल. म्हणजे बोटाएवढ्या त्या अँप्यूलमध्ये अख्ख्या रक्तद्रवापेक्षा जास्त पोटॅशियम भरलेलं आहे.

‘केसीएल (म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) कधीही थेट शिरेत द्यायचं नाही’ हे वाक्य नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. वरचा हिशोब मात्र फार थोड्यांनी कधी केलेला असतो. मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते आणि दरवर्षी कुणी ना कुणी तोच प्रश्न घेऊन येतं: ‘मॅडम, आमच्या कोर्सला केमिस्ट्री कम्पल्सरी नाही. घेऊ का?’ काही अभ्यासक्रमांना प्रवेशासाठीच रसायनशास्त्र लागतं, काहींत ते पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्राच्या रूपाने थोडंफार येतं, तर काहींत ते पूर्णपणे ऐच्छिक असतं. हा लेख त्या तिसऱ्या गटातल्यांसाठी आहे. माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. पण कुठलं रसायनशास्त्र घ्यायचं, किती घ्यायचं आणि कधी घ्यायचं नाही, हे नीट सांगितल्याशिवाय ते उत्तर अर्धवट राहील.

नियम आणि त्याच्या मागचं कारण

पोटॅशियमचंच उदाहरण पुढे नेऊ. पेशीच्या आत लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल पोटॅशियम असतं आणि बाहेर फक्त ४. ही तफावत पेशीला विजेच्या घटासारखी भारित ठेवते. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे हा भार क्षणभर उतरणं आणि पुन्हा चढणं. बाहेरचं पोटॅशियम एकदम वाढलं की तफावत कमी होते, उतरलेला भार पुन्हा पुरेसा चढत नाही आणि हृदय थांबतं. एवढं समजलं की नियम आपोआप लक्षात राहतो. पण खरा फायदा पुढे आहे.

समजा नियम पाळून तुम्ही केसीएल सलाइनच्या पिशवीत घातलं. पिशवी स्टँडला टांगलेलीच होती, तुम्ही खालच्या पोर्टमधून औषध सोडलं आणि ड्रिप चालू केली. नियमाप्रमाणे औषध ‘पातळ’ केलेलं आहे. प्रत्यक्षात मात्र तसं नाही. १५ टक्क्यांचं द्रावण सलाइनपेक्षा जड असतं. ते हलवलं नाही तर पिशवीच्या तळाशी साचून राहतं, आणि नळी तर तळातूनच निघते. सुरुवातीच्या काही मिनिटांत रुग्णाच्या शिरेत जे जातं ते जवळजवळ न मिसळलेलं पोटॅशियम असतं. म्हणून पिशवी खाली काढायची, औषध घालायचं, पिशवी अनेकदा उलटसुलट करायची आणि मगच टांगायची. ज्याला फक्त ‘पातळ करून द्या’ एवढं पाठ आहे, त्याला आपण चूक करतोय हे कळायला काही मार्गच नाही. द्रावणाची घनता, विरघळणं आणि मिसळणं हे तीन वेगळे विषय आहेत हे ज्याच्या डोक्यात बसलंय, त्याचा हात आपोआप पिशवीकडे जातो.

रसायनशास्त्र का घ्यावं, याचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. नियम ठरावीक परिस्थितीसाठी लिहिलेला असतो. वॉर्डमध्ये परिस्थिती थोडी बदलते, एखादं औषध नेहमीच्या कंपनीचं येत नाही, पिशवी वेगळ्या आकाराची असते, दोन औषधांची वेळ एकच येते आणि शिरेची वाट एकच असते. अशा वेळी नियम गप्प बसतो आणि कारण माहीत असेल तरच पुढचं पाऊल सुचतं.

टक्के सारखे, औषध तिप्पट

मोल हा शब्द ऐकला की शाळेपासून अनेकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर ती अगदी साधी कल्पना आहे. कणांचं वजन करायचं की कण मोजायचे, एवढाच प्रश्न आहे. शरीराला वजनाशी देणंघेणं नसतं, त्याला किती कण आले ते कळतं. मोल म्हणजे कण मोजण्याचं माप, डझनासारखं, फक्त फार मोठं.

याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण कॅल्शियमचं आहे. तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत कॅल्शियम दोन रूपांत असू शकतं: कॅल्शियम क्लोराइड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट. दोन्हींच्या अँप्यूल १० मिलिलिटरच्या, दोन्हींवर ‘१० टक्के’ लिहिलेलं. म्हणजे दोन्हींत १ ग्रॅम क्षार. पण ग्लुकोनेटचा रेणू खूप अवजड असतो, त्याच्या १ ग्रॅममध्ये क्षाराचं बरंचसं वजन ग्लुकोनेटचंच असतं. म्हणून क्लोराइडच्या अँप्यूलमधून साधारण ६.८ मिलिमोल कॅल्शियम मिळतं आणि ग्लुकोनेटच्या अँप्यूलमधून सुमारे २.२. तिपटीचा फरक. ‘एक अँप्यूल कॅल्शियम दे’ असं घाईत कुणी ओरडलं, तर ‘कुठलं?’ हा प्रश्न विचारायला मोलची कल्पना कळलेली असावी लागते. शिवाय क्लोराइड शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि आतला भाग जाळून टाकतं, ग्लुकोनेट त्या मानाने सौम्य असतं. हेही तितकंच महत्त्वाचं.

टक्क्यांचा हिशोब त्याहून सोपा आहे. १ टक्का म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. २ टक्के लिग्नोकेनच्या ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रिनलिनवर ‘एकास हजार’ लिहिलेलं असेल तर १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. ‘एकास दहा हजार’ असेल तर त्याच्या दहावा भाग. इथे शून्य जास्त दिसतं म्हणून औषध जास्त आहे असं वाटण्याची चूक होते. प्रत्यक्षात शून्य वाढलं की औषध कमी होतं. हे गणित प्रयोगशाळेत द्रावणं बनवता बनवता ज्यांच्या हातात बसलंय, त्यांना रात्रपाळीत तीन वाजताही ते आठवतं.

सलाइनचंही तसंच आहे. नॉर्मल सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. मिठाच्या एका मोलचं वजन ५८.५ ग्रॅम. भागाकार केला की १५४ मिलिमोल येतात. विरघळल्यावर प्रत्येक रेणूचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात, म्हणून कण ३०८. रक्तद्रवात असे कण लिटरला २९० च्या आसपास असतात. दोन्हीकडे कण जवळजवळ सारखे, म्हणून लाल पेशी या द्रावणात फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. साधं निर्जंतुक पाणी शिरेतून दिलं तर परासरणाने पाणी पेशींत घुसतं आणि पेशी फुटतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजची गंमत आणखी वेगळी. पिशवीत त्याचे कण रक्ताच्या जवळपास असतात, पण शरीरात गेल्यावर पेशी साखर वापरून टाकतात आणि मागे उरतं नुसतं पाणी. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला ते का टाळतात, याचं उत्तर इथे मिळतं: ते पाणी सुजलेल्या मेंदूच्या पेशींत शिरतं.

आम्ल, अल्क आणि रुग्णाचा श्वास

माझ्या मते रसायनशास्त्रातला नर्सला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग हा आहे आणि सगळ्यात जास्त घोकला जाणाराही हाच. एबीजीच्या, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टवर पीएच, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट असे आकडे असतात आणि विद्यार्थी बाणांचा तक्ता पाठ करतात: हा वर, तो खाली, म्हणजे अमुक. तक्ता परीक्षेपुरता चालतो. थोडे गुंतागुंतीचे आकडे आले की कोलमडतो.

पीएच म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये हे माप आणलं. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असायला हवा. ७.४ वरून ७.१ वर आला, तर कागदावर फक्त ०.३ चा फरक दिसतो. तापमान ०.३ अंशांनी वाढलं तर आपण मान वर करून बघतही नाही. पण सामूची मोजपट्टी घातांकी आहे. ७.४ ला रक्तात दर लिटरला ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात आणि ७.१ ला सुमारे ८०. म्हणजे आम्लता दुप्पट झाली. हे कळलं की ७.१ हा आकडा फोनवर सांगताना आवाज आपोआप बदलतो.

शरीर हे सांभाळतं कसं? रक्तात बायकार्बोनेट असतं. ते जास्तीचा हायड्रोजन आयन पकडतं, त्यातून कार्बनिक आम्ल बनतं आणि त्या आम्लाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. हा वायू फुप्फुसं बाहेर टाकतात. सगळी प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते. वायू बाहेर जात राहिला तर प्रक्रिया त्या बाजूला ओढली जाते आणि आम्ल कमी होतं. वायू साचला तर उलट दिशेने जाऊन आम्ल वाढतं. एवढी एकच दुहेरी प्रक्रिया नीट समजली तर बाणांचा तक्ता पाठ करायची गरज राहत नाही.

मधुमेहातल्या कीटोअ‍ॅसिडोसिसचा रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेतो. नवख्या माणसाला वाटतं, घाबरलाय, थोडं शांत करायला हवं. पण तो श्वासच त्याला जगवत असतो. कीटोन आम्लांनी रक्त आम्लधर्मी केलंय आणि फुप्फुसं जमेल तितका कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ते सावरतायत. गुंगीचं औषध देऊन तो श्वास मंदावला तर सामू कोसळतो. आणि असा रुग्ण स्वतःहून शांत श्वास घ्यायला लागला, तर तो बरा होतोय की दमलाय, हे बघायला लगेच धावावं लागतं.

त्याच रुग्णाचं पोटॅशियम सुरुवातीला रिपोर्टमध्ये नेहमीइतकं किंवा जास्तही दिसतं, तरी शरीरातला साठा मात्र रिकामा झालेला असतो. इन्सुलिन चालू केलं की पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरतं आणि रक्तातली पातळी झपाट्याने खाली येते. म्हणून इन्सुलिन चालू असताना दर काही तासांनी पोटॅशियम तपासतात. कारण माहीत असलं की ती तपासणी ‘कंटाळवाणं काम’ वाटत नाही, आणि रिपोर्ट उशिरा आला तर आपण स्वतः फोन करतो.

एकच समीकरण चुकीचं वाचल्याने काय होऊ शकतं, याची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक दगावत होते. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण फार वाढलेलं आढळत होतं. त्या चाचणीत बायकार्बोनेटही मोजलं जात असल्याने डॉक्टरांना वाटलं की रक्त अल्कधर्मी झालंय, कारण कळत नाहीये एवढंच. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी नेमका उलटा अर्थ लावला: श्वास अपुरा पडतोय, वायू साचतोय, रक्त आम्लधर्मी होतंय आणि रुग्ण त्यानेच मरतायत. प्रयोगशाळाप्रमुख पॉल अ‍ॅस्ट्रप यांनी सामू मोजल्यावर तेच दिसलं. इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि ती वाचली. मग मशिनं अपुरी पडल्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हजारो तास हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथून धरतात. आकडा सगळ्यांच्या समोर तोच होता. त्याच्यामागचं रसायन ज्याने बरोबर वाचलं त्याने माणसं वाचवली.

एका नळीत दोन औषधं

दोन स्वच्छ औषधं एकत्र आली आणि नळीत पांढरा साका दिसला, हा अनुभव प्रत्येक नर्सला कधी ना कधी येतो. बहुतेक वेळा कारण सामूचंच असतं. फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ते सामू १२ च्या आसपासच्या, फार तीव्र अल्कधर्मी द्रावणात ठेवतात. डेक्स्ट्रोज आम्लधर्मी. त्यात फेनिटॉइन घातलं की सामू उतरतो आणि औषधाचे स्फटिक बाहेर पडतात. म्हणून ते नॉर्मल सलाइनमध्येच देतात आणि आधी व नंतर नळी धुतात. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड अल्कधर्मी, गुंगीचं मिडाझोलाम आम्लधर्मी. दोन्ही एका नळीत भेटले की तोच प्रकार. अशा जोड्यांची यादी शेकड्यांत जाते आणि ती कुणालाच पाठ होत नाही. पण ‘एक आम्लधर्मी, एक अल्कधर्मी, म्हणजे जपून’ एवढं सूत्र मनात असेल, तर यादी उघडून बघायची आठवण योग्य वेळी होते.

कॅल्शियमचा साका सामूमुळे बनत नाही, तो आयनांच्या जोडीचा असतो. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा क्षार बनतो. नवजात बाळांमध्ये त्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. रिंगर लॅक्टेट या सलाइनसारख्या द्रावणात कॅल्शियम असतं हे माहीत असेल तर तो इशारा आपल्या हातातल्या पिशवीलाही लागू आहे हे कळतं. रक्ताच्या पिशवीसोबत रिंगर लॅक्टेट त्याच नळीतून का चालवत नाहीत, याचं उत्तरही कॅल्शियमच आहे. साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. बाहेरून कॅल्शियम मिळालं की रक्त नळीतच गोठू शकतं. आणि रुग्णाला खूप रक्त भराभर दिलं तर तेच सायट्रेट रुग्णाच्या स्वतःच्या कॅल्शियमला धरून बसतं. मग ओठांभोवती मुंग्या येतात, हृदयाची लय बिघडते.

इन्सुलिन ग्लार्जिन मला फार सुंदर उदाहरण वाटतं. व्हायलमध्ये ते सामू ४ च्या आम्लधर्मी द्रावणात असतं आणि पूर्ण विरघळलेलं, स्वच्छ दिसतं. कातडीखाली सामू ७.४. तिथे पोहोचताच त्याचे बारीक कण बाहेर पडतात आणि पुढे दिवसभर ते कण सावकाश विरघळत राहतात. म्हणजे जी गोष्ट नळीत धोका ठरते, तीच इथे औषध बनवणाऱ्यांनी मुद्दाम वापरली आहे. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये का घ्यायचं नाही, हे वेगळं सांगायला लागतं का? मिसळलं की सामू बदलतो आणि सगळा हिशोब मोडतो.

रक्ताच्या नळ्या आणि सफाईची रसायनं

रक्त घेण्याच्या नळ्यांची रंगांनुसार क्रमवारी पाठ करायला लावतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियमचा ईडीटीए क्षार असतो. तो कॅल्शियम पकडतो, म्हणून रक्त गोठत नाही. आता कुणी जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं, किंवा क्रम चुकवला, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली दिसतं. रुग्ण समोर बसून गप्पा मारतोय आणि रिपोर्ट म्हणतोय की हृदय थांबायला हवं होतं. ज्याला ईडीटीए म्हणजे काय ते माहीत आहे, त्याला ती जोडी बघताच शंका येते आणि तो नवा नमुना पाठवायला सांगतो. करड्या झाकणाच्या नळीतलं फ्लोराइड पेशींची साखर वापरण्याची प्रक्रिया रोखतं, म्हणून साखरेचा नमुना त्यात. बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त फुटलं तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि खोटा वाढलेला आकडा मिळतो. पहिल्या भागातलं १४० आणि ४ आठवा.

निर्जंतुकीकरणाबद्दल थोडक्यातच सांगते. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा जंतूंवर चांगलं काम करतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं. ब्लीचमध्ये आम्लधर्मी क्लीनर मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो आणि अमोनियासोबत क्लोरामाइन, दोन्ही फुप्फुसांना घातक. लघवीत अमोनिया असू शकतो, म्हणून लघवी सांडली तर ब्लीच थेट त्यावर ओतू नये, आधी पुसून घ्यावं. रक्त सांडलेल्या जागेवर मात्र काही ठिकाणी आधी जंतुनाशक टाकायची पद्धत असते, आपल्या विभागाची पद्धत बघून घ्या.

१८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि प्रसूती विभागातले मृत्यू एप्रिलमधल्या सुमारे १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. हातांचा वास जातो म्हणून त्यांनी ते द्रावण निवडलं होतं. ते का काम करतं हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि अनेक सहकाऱ्यांनी ते मानलंच नाही. कारण नसलेला नियम टिकवणं किती अवघड असतं, हे या गोष्टीतून मला दरवेळी नव्याने जाणवतं.

मग कुठलं रसायनशास्त्र?

इथे मी सावध करीन. वर सांगितलेलं सगळं रसायनशास्त्रच आहे, पण प्रत्येक रसायनशास्त्राच्या कोर्समध्ये ते असेलच असं नाही. अभियांत्रिकी किंवा शुद्ध विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्समध्ये कक्षक, पुंज क्रमांक, स्फटिकांच्या रचना, धातूंची संकुलं आणि लांबलचक सेंद्रिय अभिक्रिया यांना खूप जागा मिळते. त्यातलं बहुतेक नर्सला कधी लागत नाही. तुमच्यासमोर असा एकच पर्याय असेल, तर तो घेण्याआधी दोनदा विचार करा. आरोग्यशास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी सामान्य, सेंद्रिय आणि जैविक रसायन एकत्र करून एका सत्राचे कोर्स असतात, ते सगळ्यात योग्य. अभ्यासक्रमाच्या पानावर एकक बदलणं, मोल, द्रावणाची तीव्रता, परासरण, आम्ल-अल्क, बफर, वायूंचे दाब, प्रथिनं आणि विकर हे शब्द दिसतात का ते बघा. सोबत प्रयोगशाळा असेल तर उत्तम. स्वतः द्रावण बनवून, चुकून दहापट तीव्र झालेलं बघून जे शिकतो ते पुस्तकाने येत नाही.

कधी घेऊ नये? गणितात, विशेषतः गुणोत्तर आणि दशांशात अडखळत असाल तर आधी ते पक्कं करा. औषधाच्या मात्रेतल्या चुका अनेकदा दशांशचिन्हाच्या असतात, अणूच्या रचनेच्या नसतात. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र यांनीच दमछाक होत असेल, त्यात नोकरीही करत असाल, तर आणखी एक विषय लादून घेऊन सगळ्यांतच मागे पडण्यात अर्थ नाही. आणि रसायनशास्त्र घेतलं नाही म्हणून कुणी कमी दर्जाची नर्स ठरत नाही. रुग्णाच्या चेहऱ्यावरचा बदल सगळ्यात आधी ओळखणाऱ्या, ज्यांच्याकडून मी स्वतः शिकले, त्यांतल्या काहींनी रसायनशास्त्राचं पुस्तक शाळेनंतर उघडलं नव्हतं. त्यांनी ती उणीव वर्षानुवर्षांच्या अनुभवाने भरून काढली. तुम्हाला ती वर्षं वाट बघावी लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रुग्णाची सुरक्षितता एकट्या नर्सच्या ज्ञानावर सोडणं चूक आहे. अनेक रुग्णालयांनी तीव्र केसीएलच्या अँप्यूल वॉर्डच्या कपाटातून काढून टाकल्या आणि तयार मिसळलेल्या पिशव्या आणल्या. त्याने जे साधतं ते कुठल्याही कोर्सने साधणार नाही. पण सगळीकडे ती सोय नाही, आणि जिथे आहे तिथेही शेवटचा हात नर्सचाच असतो.

पुढे शिकायचं असेल तर हिशोब वेगळा. अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या अनेक अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी रसायनशास्त्र मागतात. पाच-सात वर्षांनी, कामावर असताना, घर सांभाळत सुरुवातीचा कोर्स करण्यापेक्षा तो आत्ता झालेला बरा. घेण्याआधी ज्या संस्थेत पुढे जायचंय तिच्या नियमांत तो कोर्स किती जुना चालतो, तेही विचारून घ्या, कारण काही ठिकाणी जुने गुण ग्राह्य धरत नाहीत.

घेणार असाल तर औषधशास्त्राच्या आधी घ्या. औषधशास्त्र सुरू झाल्यावर शिकलेलं रसायन मागे धावत येतं आणि तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. आणि अजिबात जमत नसेल, तर वॉर्डमधल्या प्रत्येक पाळीत एकच औषध निवडा. त्याची चिठ्ठी पूर्ण वाचा: किती टक्के, किती मिलिमोल, सामू किती, कशात विरघळतं, कशात मिसळायचं नाही, उजेडापासून का झाकायचं. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो वहीत लिहा आणि सुट्टीच्या दिवशी शोधा. माझ्या एका विद्यार्थिनीने असं वर्षभर केलं. तिची वही आता तिच्या धाकट्या बॅचमध्ये हातोहात फिरते, आणि तिच्या पहिल्या पानावर केसीएलचा २० आणि १२ चा हिशोब आहे.